देवासहून घरी लिहिलेली पत्रे

आपल्या गावांतील तरुण मंडळींमध्ये अलीकडे एक नवी हौस दिसू लागली आहे. कोणी पाहिलेल्या चित्रपटांविषयी, कोणी गाजणाऱ्या गाण्यांविषयी, तर कोणी नाटके, जत्रा आणि सणसमारंभ ह्यांविषयी लिहून आपले स्वतःचे पत्र काढतो. हे पत्र कोणा मालकाचे नसते, कोणत्या मंडळाचे नसते आणि संपादकाच्या कात्रीखालून ते जात नाही. लिहिणारा एकटा, आणि त्याचे पत्र मागवून घेणारे शंभर-दोनशे वाचक. पहिल्या पत्रात तो आपली ओळख करून देतो. आपणास कशाचे वेड आहे, कोणते नट आवडतात, दर आठवड्यास काय काय लिहिणार, हे सांगतो आणि वाचकांचा आशीर्वाद मागतो.

अशा पहिल्या पत्रांचे दोन-तीन मसुदे दुरुस्तीसाठी मजकडे आले. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्यांचे एवढे काही नाही. परंतु एक उणीव तिन्ही ठिकाणी सारखीच आढळली. आपणास काय आवडते हे प्रत्येकाने लिहिले होते. आपण कोठे उभे राहून पाहतो हे मात्र कोणीच लिहिले नव्हते. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याशी आपले नाते काय? आपण त्यांचे मित्र, त्यांचे चाकर, त्यांचे स्पर्धक, की भिंतीपलीकडून डोकावणारे? आणि आपण हे लिहितो ते कोणासाठी? वाचकाच्या दृष्टीने खरी ओळख ती हीच. आवडीनिवडी तर दोन पत्रांत आपोआप कळून येतात.

ह्या बाबतीत आपल्या उत्तर कोकणच्या भूमीतच एक मोठा नमुना होऊन गेला. पालघरजवळच्या मासवण गावी १९०४ साली जन्मलेले बाबुराव पटेल ह्यांनी १९३५ साली मुंबईत 'फिल्मइंडिया' नावाचे इंग्रजी मासिक सुरू केले. नावाला ते मासिक. प्रत्यक्षात ते एका माणसाचे पत्रच होते. त्यातील पुष्कळसा मजकूर स्वतः बाबुराव आणि पुढे त्यांच्या पत्नी, गायिका सुशीलाराणी, हीच दोघे निरनिराळ्या टोपणनावांनी लिहीत. त्यांपैकी एक टोपणनाव होते 'जूडास'! आपल्या वाचकांच्या भुवया हे वाचून उंचावतील. परंतु गुरूस तीस नाण्यांना विकणाऱ्याचे नाव जो माणूस आपखुशीने धारण करतो, तो निदान गोड बोलण्याचे आश्वासन तरी देत नाही. वाचकांच्या प्रश्नांस उत्तरे देण्याचे त्यांचे सदर अतिशय गाजले. लोक प्रश्न पाठवीत ते माहितीसाठी कमी आणि ह्या वेळी बाबुराव कोणास कसा फटका हाणतात हे पाहण्यासाठी अधिक. हे गृहस्थ केवळ परीक्षक नव्हते. सुशीलाराणींना नायिका करून त्यांनी स्वतः 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) हे चित्रपट काढले, आणि ते चालले नाहीत. दुसऱ्याच्या चित्रपटास झोडपणारा हा मनुष्य त्याच बाजारात आपलेही दुकान मांडून बसला आहे, हे वाचकास ठाऊक असे. म्हणून त्यांचे लिहिणे एकांगी असले तरी फसवे ठरत नसे; वाचक आपल्या मनाने त्यातून जी काही वजावट करावयाची ती करून घेई. पुढे १९६७ साली हेच बाबुराव मध्य प्रदेशातील शाजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले.

शाजापूरला लागूनच देवास आहे, आणि आज मला विशेषकरून सांगावयाचे आहे ते देवासचे.

धार आणि देवास ही माळव्यातील दोन्ही संस्थाने मराठ्यांची. अठराव्या शतकात मराठी फौजा नर्मदेपलीकडे गेल्या तेव्हा पवारांच्या घराण्याने तेथे पाय रोवले. धारला एक गादी, तर देवासला दोन. तुकोजी आणि जिवाजी ह्या दोघा भावांच्या वंशजांनी एकाच गावात दोन राज्ये चालविली: थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार, आणि गाव एकच! भाऊबंदकीची हौस आपल्या लोकांत किती खोल आहे ह्याचे ह्याहून सुबक उदाहरण मला तरी ठाऊक नाही. ह्याच मुलखात, धारच्या किल्ल्यात, १७७५ साली दुसरे बाजीराव जन्मास आले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ पासून तो प्रदेश मध्य प्रदेशात आहे. तथापि घरात मराठी बोलणारी कुटुंबे तेथे अजूनही नांदत आहेत. देवास गावाच्या डोक्यावर एक टेकडी आहे. तिच्यावर तुळजाभवानी आणि चामुंडा ह्यांची ठाणी आहेत. गावकरी त्यांना मोठी माता आणि छोटी माता म्हणतात.

ह्या गावी १९१२ सालच्या अखेरीस एक इंग्रज लेखक पाहुणा म्हणून आला. त्याचे नाव एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर. थोरल्या पातीचे तरुण राजे तिसरे तुकोजीराव ह्यांचे पूर्वीचे शिक्षक माल्कम डार्लिंग हे फॉर्स्टर ह्यांचे केंब्रिजपासूनचे मित्र. त्यांच्यामुळे ही ओळख झाली. राजे चोविशीचे, पाहुणा चौतिशीच्या उंबरठ्यावर. दोघांचे मेतकूट जमले. पुढे १९२१ साली महाराजांचे इंग्रज खाजगी चिटणीस रजेवर गेले, तेव्हा त्यांच्या जागी काही महिन्यांसाठी महाराजांनी फॉर्स्टर ह्यांनाच बोलावून घेतले. कादंबरीकार चिटणीस झाला! दरबारची भाषा मराठी, आणि ती तर त्यांना येत नव्हती. बागा, मोटारी, विजेचे यंत्रघर असली खाती त्यांच्या गळ्यात पडली. नवा राजवाडा बांधून पुरा व्हायच्या आतच मोडकळीस येऊ लागला होता. हौसेने आणलेले पियानो उन्हाळ्याच्या कोरड्या हवेने तडकून मुके होऊन बसले होते.

ह्या सर्व गमतीजमती फॉर्स्टर आपल्या आईस, नातलगांस आणि मित्रांस पत्रांतून कळवीत. आई लंडनजवळच्या वेब्रिज गावी एकटी राहत असे. आठवड्यामागून आठवडे ही पत्रे तिकडे जात. आज काय खाल्ले, महाराज काय म्हणाले, मेजवानीस आपणास कसला पोशाख चढविला, कोणता समारंभ किती लांबला, असा त्यांतील मजकूर. राजकारण थोडे, लोकांचे जगणे, गाणे, नटणे, हसणे पुष्कळ. आजच्या भाषेत बोलावयाचे तर लोकरंजनाविषयी चालविलेले ते एक खाजगी पत्रच होते, आणि त्याचे वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

सर्वांत विस्तृत वर्णन आहे ते १९२१ सालच्या गोकुळअष्टमीचे. जुन्या राजवाड्यात हा उत्सव आठ दिवस चालला. महाराजांची कृष्णावर अपार भक्ती. ते स्वतः अनवाणी देव्हाऱ्यापुढे गात, नाचत. चिटणीससाहेबांनीही बूट काढले, देशी वस्त्रे नेसली आणि ते त्या गर्दीत मिसळले. हा मनुष्य कोणताच धर्म न मानणारा. लहानपणी शिकविलेला ख्रिस्ती विश्वासही त्याने विद्यार्थिदशेतच सोडला होता. त्याला तेथे काय दिसले? फुले, चकचकीत कागद, तसबिरी, दिवे ह्यांची देवाभोवती झालेली अडगळ. एकाच वेळी वाजणारी निरनिराळी वाद्ये. कोणी कोणाचे ऐकत नाही, सोहळ्याची सुरुवात कोठे आणि शेवट कोठे ह्याचा पत्ता नाही. शोभा नाही, शिस्त नाही, अभिरुची नाही, असे त्यांनी घरी स्पष्ट कळविले. शेवटी मातीचे केलेले लहानसे गोकुळ मिरवणुकीने नेऊन तळ्यात विसर्जित केले, तेही त्यांनी सांगितले.

आता वाचकहो, क्षणभर असा विचार करा, की आपल्या गावच्या सणाला असाच कोणी परका विद्वान आला आहे. मंदिरावर केलेली रोषणाई, रंगीत कागदाच्या पताका, बँडवाल्यांनी मिरवणुकीत वाजविलेली चित्रपटाची चाल, संताच्या मूर्तीच्या गळ्यात पडलेले हारांवर हार, मध्येच उडालेले फटाके, ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या मुलाची सूचना. त्याने घरी काय लिहावे? "गोंगाट होता आणि अभिरुची नव्हती", एवढेच लिहिले तर ते खोटे ठरणार नाही. पण घरातील एखादी आजी ते वाचील तर म्हणेल, "बाबा, तू आलास खरा, पण सण काही तुला भेटला नाही."

फॉर्स्टर ह्यांचे मोठेपण असे, की ते तेवढ्यावर थांबले नाहीत. हा सारा पसारा आपणास आवडला नाही हे सांगूनही, महाराजांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसले त्याची थट्टा करण्याचे त्यांच्या मनात आले नाही. येथे काहीतरी खरे घडते आहे आणि ते आपल्या मापात बसत नाही, ही जाणीव त्या पत्रांत आहे. भारताविषयीच्या कादंबरीची पहिली प्रकरणे त्यांनी आधीच लिहिलेली होती आणि ती ते बरोबर घेऊन आले होते. परंतु प्रत्यक्ष देश समोर उभा राहताच ती पाने निर्जीव वाटू लागली आणि देवासला असेतो त्यांच्या हातून त्यात पुढे काही लिहिले गेले नाही. स्वदेशी परतल्यावरच ती कादंबरी पुरी झाली. 'ए पॅसेज टु इंडिया' ह्या नावाने १९२४ साली ती प्रसिद्ध झाली आणि तिच्या शेवटच्या भागात देवासची गोकुळअष्टमी उतरली. तेथे भिंतीवर लिहिलेल्या एका इंग्रजी वचनात ईश्वर म्हणजे प्रीती असे म्हणावयाचे आहे, आणि रंगवणाऱ्याच्या हातून त्यातील दोन अक्षरांची उलटापालट झाली आहे. त्या चुकलेल्या अक्षरांकडे पाहून हसावे की हात जोडावेत, हे लेखकाने वाचकावरच सोडले आहे. मला स्वतःला त्या कादंबरीतील हेच स्थळ सर्वांत अधिक आवडते.

बत्तीस वर्षे ती पत्रे पेटीत पडून होती असे म्हणावयास हरकत नाही. १९५३ साली फॉर्स्टर ह्यांनी ती निवडून, टिपा जोडून पुस्तकरूपाने छापली. पुस्तकास नाव दिले 'द हिल ऑफ देवी', म्हणजे देवीची टेकडी. तीच ती गावाच्या डोक्यावरची. आणि येथे त्यांनी जे केले ते माझ्या तरुण मित्रांनी लक्षपूर्वक पाहावे. चौऱ्याहत्तर वर्षांचा, जगभर कीर्ती मिळवलेला हा लेखक प्रस्तावनेत आपली ओळख करून देतो ती कशी? आपण मोठे कादंबरीकार आहोत, भारताचे जाणकार आहोत, असे तो सांगत नाही. तो सांगतो, की ही पत्रे मी माझ्या प्रेमाच्या माणसांस लिहिली, त्यांना हसवावे अशी माझी इच्छा होती, आणि त्यामुळे दूरच्या दुर्मिळ गोष्टींचे मी घरगुती विनोद करून टाकले. म्हणजे पत्रांत दोष कोणता आहे आणि तो कोणामुळे आला आहे, हे त्याने पुस्तकाच्या दारातच सांगून टाकले. एवढे ठाऊक झाल्यावर वाचकाला ती पत्रे वाचणे सोपे जाते. जेथे लेखक फार हसवू लागतो तेथे तो थबकतो आणि म्हणतो, "हे आईसाठी आहे. मूळ गोष्ट ह्याहून गंभीर असावी."

परंतु ह्या प्रेमाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फॉर्स्टर ह्यांचे महाराजांवर खरोखर प्रेम होते. असा सद्भावनेचा, विनोदी, देवभोळा माणूस आपण पाहिला नाही, अशी त्यांची श्रद्धा. ती त्यांनी कधी लपविली नाही. पण तेच महाराज राज्यकारभारात अपुरे पडले. अर्धवट राजवाडा, न वाजणारे पियानो, बेहिशेबी खर्च, ह्या ज्या गोष्टींवर पत्रांत इतके हसू उमटते, त्यांचे पैसे कोणाच्या खिशातून येत होते? देवासच्या शेतकऱ्यांच्या. पुढे संस्थान कर्जात बुडाले. इंग्रज सरकारची चौकशी डोक्यावर आली. तेव्हा महाराज आपले राज्य सोडून फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीस निघून गेले, आणि १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. फॉर्स्टर ह्यांनी पुस्तकाच्या शेवटी हा सर्वनाश सांगितला आहे आणि तो सांगतानाही ते मित्राच्याच बाजूने उभे आहेत. माझ्या मते त्यांचा हा तराजू एका अंगास झुकलेला आहे. शेतसारा भरणारा माणूस त्या पत्रांत फारसा भेटत नाही. तरीसुद्धा मी त्यांस फसवे म्हणणार नाही. कारण "हा माझा मित्र आहे" असे त्यांनी पानोपानी सांगून ठेवले आहे. ज्यास शेतकऱ्याची बाजू हवी त्याने ती अन्यत्र शोधावी, एवढी सूचना त्यात आहेच.

चित्रपटांविषयी लिहिणाऱ्या आमच्या मुलांना हे फार लांबचे वाटेल; पण ते तसे नाही. ज्या नटाच्या खेळास फुकट तिकीट मिळाले, ज्या गायकाच्या घरी जेवण झाले, ज्या नाटक मंडळीत आपला चुलतभाऊ पेटी वाजवतो, त्यांच्याविषयी लिहू नये असे मी म्हणत नाही. खुशाल लिहावे, प्रेमाने लिहावे. मात्र जेवण झाले हे पहिल्या ओळीत सांगावे.

घरी पाठवलेल्या पत्रांचे सामर्थ्य केवढे असते, हे आपल्या समाजास वेगळे सांगावयास नको. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरले. त्यांनी युरोपात धाडलेल्या पत्रांच्या नकला हातोहात फिरल्या आणि ती वाचून कित्येक तरुण ह्या बाजूस येण्यास सिद्ध झाले. आपल्या मराठीचे अभिमानस्थान असलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास पोहोचले. पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी इंग्लंडात आपल्या वडिलांस पत्र लिहिले. त्यात धर्मोपदेश जवळजवळ नाहीच. समुद्र, वारे, पक्षी, मासे, खलाशांचे आजार हेच आहे. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. चार वर्षांनी, १५८३ साली, त्यांनी भावास लिहिले, तेव्हा येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन ह्यांच्याशी मिळतीजुळती आहे हे त्यांनी नमूद केले. किनाऱ्यावर पाऊल ठेवताना जो केवळ लाटा पाहत होता, तो चार वर्षांत लोकांचे बोलणे ऐकू लागला होता. आणखी तेहेतीस वर्षांनी, १६१६ साली, 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. फॉर्स्टर देवासला काही महिनेच होते आणि दरबारची भाषा त्यांना आली नाही. स्टीफन्स चाळीस वर्षे राहिले आणि येथल्याच मातीत मिळाले. दोघांच्या लिहिण्यातील अंतर हे पुष्कळसे मुक्कामाच्या लांबीचे अंतर आहे, असे मला वाटते.

देवासच्याच टेकडीची आणखी एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे, जरी ती पत्रांची नव्हे.

१९४८ साली एक तरुण गवई क्षयाने ग्रासलेल्या स्थितीत देवासला हवापालटासाठी आला. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला हा गवई म्हणजे कुमार गंधर्व. लहान वयातच त्याच्या गाण्याने सर्वांना थक्क केले होते. मुंबईस प्रोफेसर देवधर ह्यांच्याकडे त्याचे शिक्षण झाले होते. आता वैद्यांनी गाण्यास बंदी केली. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध नुकतेच निघाले होते. ते आणि पत्नी भानुमती ह्यांची शुश्रूषा ह्यांच्या बळावर तो माणूस वाचला. पण काही वर्षे त्यास बोलणेसुद्धा जपून करावे लागे. ज्याचा गळा हेच त्याचे सर्वस्व, त्याने गप्प पडून राहावयाचे!

पडल्यापडल्या त्याने ऐकले. रस्त्याने जाणाऱ्या बायका माळवी गाणी गात. लग्नाची, पावसाची, सणाची, लहान मुलाची. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तेथे नाथपंथी जोगी कबिराची निर्गुणी पदे म्हणत. ज्या गाण्यांना मैफलीत कोणी जागा दिली नसती, तीच ह्या आजारी माणसाने टिपून ठेवली, त्यांच्या चालींचे मूळ शोधले आणि बरा झाल्यावर त्यांतून नवे राग उभे केले. माळव्याच्या लोकधुनांचे कार्यक्रम त्याने मोठ्या शहरांत नेले. १९६५ साली आपल्या बंदिशींचे 'अनूपरागविलास' हे पुस्तक प्रसिद्ध केले. ती गाणी कोठली, कोणाची आणि कोणत्या प्रसंगाची, हे तो सभेपुढे आधी सांगत असे. हवापालटापुरता आलेला हा पाहुणा मग देवास सोडून गेलाच नाही. त्या टेकडीच्या पायथ्याशी त्याने घर बांधले, त्यास 'भानुकुल' असे नाव दिले, आणि १९९२ सालच्या जानेवारीत त्याच गावी देह ठेवला.